ऱ्हीसस माकड आणि प्रतिपिंडांची जनुके : एका विविधतेच्या शोधाचा इतिहास

वैद्यकीय संशोधनात ज्या माकडाचे नाव सर्वाधिक वेळा घेतले गेले आहे, त्या माकडास ते नाव कोणत्याही विशेष कारणाने मिळालेले नाही. फ्रेंच चित्रकार व निसर्गाभ्यासक झाँ-बाप्तिस्त ओदबेर ह्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस माकडांविषयीच्या आपल्या सचित्र ग्रंथात उत्तर भारतातील ह्या प्राण्यास 'ऱ्हीसस' असे संबोधिले. ऱ्हीसस हा ग्रीक महाकाव्यातील थ्रेस देशाचा राजा. परंतु ह्या नावास काही अर्थ आहे असे समजू नये, अशी पुस्ती खुद्द ओदबेरनेच जोडली होती. शास्त्रीय द्विनामात तर ते टिकलेही नाही. त्यापूर्वीच, १७८० मध्ये, झिमरमान ह्याने दिलेले 'मुलाटा' हेच जातिवाचक नाम ग्राह्य धरण्यात आले. प्रजातीचे 'मकाका' हे नाव पोर्तुगीज 'मकाको' ह्या शब्दाच्या द्वारे मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बांटू भाषांकडून आलेले आहे. मराठी 'माकड' हा शब्द त्याच्याशी ध्वनिदृष्ट्या कितीही जुळत असला, तरी तो संस्कृत 'मर्कट', प्राकृत 'मक्कड' ह्या परंपरेतील आहे आणि दोहोंमधील साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. वरवरच्या साम्यावरून एकवंशत्व ठरवू नये, हा भाषाशास्त्रातील प्राथमिक धडा पुढील विवेचनात निराळ्या क्षेत्रात पुन्हा उपयोगी पडणार आहे.

महाराष्ट्रातील वाचकाने आणखी एक भेद ध्यानात ठेवणे इष्ट होय. सह्याद्रीच्या घाटांतून आणि देवळांच्या आवारांतून दिसणारे तांबड्या तोंडाचे माकड बहुधा ऱ्हीसस नसते. डोक्यावर केसांची टोपी असलेली ती दुसरी जाती होय. पश्चिमेकडे साधारणपणे तापी नदी ही ह्या दोन जातींमधील सीमा मानली जाते. काळ्या तोंडाचे व लांब शेपटीचे ते वानर. ते तर प्रजातीनेही भिन्न. प्रयोगशाळांना हवे असलेले माकड मुख्यतः गंगा-यमुनेच्या मैदानातील गावांमध्ये, रेल्वे स्थानकांवर व मंदिरांच्या परिसरात राहणारे होते.

ह्या माकडाचा वैद्यकात प्रवेश झाला तो रोगसंक्रमणाच्या प्रयोगांतून. १९०८ मध्ये व्हिएन्ना येथे कार्ल लान्डस्टायनर व एर्विन पॉपर ह्यांनी बालपक्षाघाताने दगावलेल्या एका मुलाच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा अंश माकडांस टोचून तो रोग प्राण्यांत उत्पन्न केला. त्या दोन प्राण्यांपैकी एक बॅबून होता व दुसरा ऱ्हीसस. पुढे लान्डस्टायनर न्यूयॉर्कला स्थायिक झाला आणि १९४० मध्ये त्याने अलेक्झांडर वीनर ह्याच्या सहकार्याने ऱ्हीससचे रक्त सशांस व गिनिपिगांस टोचून मिळविलेल्या रक्तरसाच्या साहाय्याने मानवी रक्तातील एक नवा घटक दाखवून दिला. आज प्रत्येक रक्तपेढीत 'आर एच' ही दोन अक्षरे लिहिली जातात, त्यांत ह्या माकडाचे नाव दडलेले आहे. गमतीची गोष्ट अशी की, सशांच्या रक्तरसाने जो घटक ओळखला तो आणि माता व गर्भ ह्यांच्या रक्तविरोधास कारणीभूत होणारा घटक हे एकच नव्हेत असे कालांतराने सिद्ध झाले. १९६० नंतरच्या दशकात पहिल्या घटकास लान्डस्टायनर व वीनर ह्यांच्या आद्याक्षरांवरून वेगळे नाव देण्यात आले. 'आर एच' हे नाव मात्र चुकीच्या जागीच रूढ होऊन राहिले. माकडाच्या प्रतिपिंडविषयक इतिहासात नाव एकाचे व वस्तू दुसरी, असा प्रकार ह्यापुढेही घडणार होता.

पोलिओच्या लशीने ह्या प्राण्याची मागणी कल्पनेपलीकडे वाढविली. सॉकची लस माकडांच्या मूत्रपिंडांतील कोशिकांवर वाढविलेल्या विषाणूपासून तयार होत असे. तिच्या यशाची घोषणा १२ एप्रिल १९५५ रोजी झाली. परंतु त्यापूर्वीपासूनच भारतातून माकडांची निर्यात मोठ्या प्रमाणावर सुरू होती, आणि पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तर एकेका वर्षात लाखाहून अधिक माकडे देशाबाहेर गेली. १९५५ च्या आरंभी लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडे एका गाडीत गुदमरून मेली, तेव्हा भारत सरकारने काही काळ निर्यात बंद ठेवली. वैद्यकीय संशोधन व लसनिर्मिती ह्यांखेरीज अन्य कामी ह्या प्राण्यांचा उपयोग केला जाणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. पुढे, अमेरिकेतील सैनिकी संस्थांमध्ये किरणोत्सर्गाच्या परिणामांविषयीचे प्रयोग ह्याच माकडांवर होत असल्याचे उघड झाले, तेव्हा मोरारजी देसाई ह्यांच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यातीवर संपूर्ण बंदी घातली.

हा व्यापार चालू असताना मूळ प्रदेशातील माकडांचे काय होत होते, ह्याचा विचार करणारे थोडेच होते. चार्ल्स साउथविक ह्याने अलीगढच्या एम. ए. बेग व एम. आर. सिद्दिकी ह्या संशोधकांसमवेत १९५९-६० मध्ये उत्तर प्रदेशातील गावे, रस्ते, कालवे व मंदिरे ह्यांच्या परिसरातील माकडांची गणना केली. कळपांत अल्पवयीन माकडांचे प्रमाण अपेक्षेहून फारच कमी आढळले, आणि पकडणाऱ्यांची पसंती नेमकी त्याच वयाच्या प्राण्यांना होती. गणनेचे हे काम प्रसिद्धीच्या झोतात कधी आले नाही. परंतु ह्या विषयाच्या इतिहासात त्यास मिळते त्याहून वरचे स्थान मिळावयास हवे.

बंदीनंतर पाश्चात्त्य प्रयोगशाळांना आपल्याजवळील भारतीय माकडांच्या संततीवर आणि चीनमधून येणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून राहावे लागले. भारतीय माकडांचा एक जुना संचय पोर्तो रिको नजीकच्या कायो सान्तियागो ह्या बेटावर होता. १९३८ मध्ये क्लॅरेन्स रे कार्पेंटर ह्याने भारतातून सुमारे ४०० माकडे नेऊन तेथे मोकळी सोडली होती. १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत स्थापन झालेल्या प्रादेशिक मर्कट-संशोधन केंद्रांतून दुसरे संचय वाढले. ह्या सर्वांच्या कागदपत्रांत 'भारतीय वंशाचे' आणि 'चिनी वंशाचे' अशी नोंद असे. प्रथमतः ती केवळ व्यापारी नोंद होती. १९८५ मध्ये एड्सच्या विषाणूशी संबद्ध असा मर्कट-विषाणू ऱ्हीसस माकडांत सापडल्यावर मात्र तिला शास्त्रीय महत्त्व प्राप्त झाले. कारण तोच विषाणू भारतीय वंशाच्या माकडांत जितक्या वेगाने रोग उत्पन्न करी, तितक्या वेगाने तो चिनी वंशाच्या माकडांत करीत नसे. दोन समाजांच्या जनुकांची तुलना करून २००७ मध्ये असा निष्कर्ष काढण्यात आला की, सुमारे १,६२,००० वर्षांपूर्वी ते परस्परांपासून विभक्त झाले, आणि त्यानंतर चिनी समाज विस्तार पावला तर भारतीय समाज आक्रसला.

येथे प्रतिपिंडांच्या जनुकांचा प्रश्न उपस्थित होतो. त्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

'प्रतिपिंड' ही संज्ञा ज्या जर्मन शब्दाची छाया आहे, तो शब्द पाउल एर्लिख ह्याने १८९१ मध्ये वापरला. त्या वेळी तो एका गुणधर्मास दिलेले नाव होते. पदार्थ कोणता, हे ठाऊक नव्हते. रॉडनी पोर्टर व जेराल्ड एडेलमन ह्यांच्या कार्यामुळे प्रतिपिंड हे दोन जड व दोन हलक्या शृंखलांचे प्रथिन असल्याचे निश्चित झाले. १९७२ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. प्रत्येक शृंखलेचा एक भाग स्थिर, तर दुसरा प्रतिपिंडागणिक बदलणारा. ज्या शरीरात कोट्यवधी प्रकारची प्रतिपिंडे उत्पन्न होतात, त्यात तितकी जनुके असणे शक्य नाही. मग ही विविधता येते कोठून? विल्यम ड्रायर व क्लॉड बेनेट ह्यांनी १९६५ मध्ये एका शृंखलेसाठी दोन जनुके एकत्र येत असावीत, अशी त्या काळी पाखंडी वाटणारी कल्पना मांडली. १९७६ मध्ये बाझल येथे नोबुमिची होझुमी व सुसुमु तोनेगावा ह्यांनी उंदराच्या भ्रूणातील व प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या कोशिकेतील डीएनएची तुलना करून ती खरी असल्याचे दाखविले. भ्रूणात परस्परांपासून दूर असलेले जनुकखंड प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या कोशिकेत जवळ आलेले होते.

जड शृंखलेच्या बाबतीत असे तीन प्रकारचे खंड असतात. व्ही, डी आणि जे ह्या अक्षरांनी ते ओळखले जातात. प्रत्येक प्रकारच्या अनेक खंडांतून एकेक निवडला जातो, सांध्याच्या ठिकाणी काही घटक गळतात व काही नवे भरले जातात, आणि पुढे रोगजंतूशी गाठ पडल्यावर त्या जुळलेल्या जनुकात मुद्दाम घडवून आणल्याप्रमाणे उत्परिवर्तने होतात. त्यांतून अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे टिकतात. म्हणजे रक्तात आढळणाऱ्या प्रतिपिंडात दोन प्रकारचे द्रव्य असते : जन्मतः लाभलेले आणि जन्मानंतर कमावलेले. लस किती परिणामकारक ठरली हे पाहू इच्छिणाऱ्या संशोधकास ह्या दुसऱ्या भागाचे मोजमाप हवे असते. आणि ते करावयाचे तर पहिला भाग तंतोतंत ठाऊक असला पाहिजे.

मानवी जड शृंखलेच्या व्ही खंडांचा सलग अनुक्रम १९९८ मध्ये जपानमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला. माकडाच्या वाट्यास अशी काळजी फार उशिरा आली. ऱ्हीससच्या संपूर्ण जनुकसंचाचा पहिला मसुदा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी वापरलेली मादी भारतीय वंशाची होती, आणि मानवाशी अनुक्रमाचे साम्य सुमारे ९३ टक्के निघाले. हा आकडा वारंवार उद्धृत झाला, आणि त्याने काहीसा गैरसमजही निर्माण केला. प्रतिपिंडांच्या जनुकांचा प्रदेश हा जनुकसंचातील सर्वांत गुंतागुंतीच्या प्रदेशांपैकी एक होय. तेथे एकमेकांशी अत्यंत मिळतेजुळते खंड ओळीने मांडलेले असतात. काही पुन्हा पुन्हा द्विगुणित झालेले, काही निकामी, काही एका प्राण्यात असलेले तर दुसऱ्यात मुळीच नसलेले. अनुक्रमाचे छोटे तुकडे वाचून ते जुळविण्याच्या त्या काळच्या पद्धतीत असे प्रदेश नीट जुळत नाहीत : दोन वेगळे खंड एकच समजले जातात, आणि मधे रिकाम्या जागा राहतात. २००७ च्या मसुद्यात हा प्रदेश अपुराच होता.

त्याचा परिणाम प्रत्यक्ष प्रयोगांवर झाला. संशोधक माकडास लस टोचीत, त्याच्या बी-कोशिकांतील प्रतिपिंडांचे अनुक्रम वाचीत, आणि ते उपलब्ध यादीतील जवळच्या व्ही खंडाशी ताडून पाहत. यादी अपुरी असे. कित्येकदा तर मानवी यादीचाच आधार घेतला जाई. अशा वेळी त्या विशिष्ट माकडास जन्मतः मिळालेले भिन्न रूप हे यादीतील रूपाहून वेगळे दिसले की, तो फरक उत्परिवर्तन म्हणून मोजला जाई. जे वारशाने आले ते कमावलेले ठरे. लशीमुळे प्रतिपिंडे किती परिपक्व झाली, ह्याविषयीची काही विधाने अशा रीतीने पायातच डळमळीत होती.

ही अडचण आणि हस्तलिखितांच्या संपादनातील अडचण ह्यांत विलक्षण साधर्म्य आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. वि. सी. सुखटणकर ह्यांच्या संपादकत्वाखाली १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वात नकलाकाराचा प्रमाद कोणता व शाखाविशिष्ट पाठ कोणता, हे ठरविण्याची जी शिस्त घालून देण्यात आली, तिचे मर्म असे की, एकट्या पोथीतील पाठास संशयाने पाहावे, परंतु परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या अनेक पोथ्यांत तोच पाठ आढळला तर त्यास मान द्यावा. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील गुनिला कार्लसन हेडेस्टाम ह्यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत ह्याच तर्कावर उभी आहे. एका माकडाच्या रक्तातील सहस्रावधी प्रतिपिंड-अनुक्रम वाचावयाचे. त्यांतील प्रत्येक अनुक्रम वेगळ्या कोशिकेतून, वेगळ्या सांध्यातून आलेला, म्हणजे जणू स्वतंत्र पोथी. यादीतील रूपापासूनचा एखादा फरक जर अशा अनेक परस्परस्वतंत्र अनुक्रमांत जसाच्या तसा पुन्हा पुन्हा आढळला, तर ते यादृच्छिक उत्परिवर्तन असू शकत नाही. ते त्या प्राण्याचे जन्मजात रूप होय. उत्परिवर्तने कमी झालेल्या वर्गाची प्रतिपिंडे ह्यासाठी अधिक सोयीची ठरतात, जशा संपादकास कमी हातांतून गेलेल्या पोथ्या.

अर्थात साधर्म्य ताणू नये. महाभारताच्या संपादकास, निदान तत्त्वतः, एका मूळ संहितेकडे जावयाचे होते. येथे तशी मूळ संहिताच नाही. प्रत्येक प्राण्यात आईकडून एक व बापाकडून एक अशा दोन संहिता असतात, दोन्ही तितक्याच प्रमाण. एकाच 'संदर्भ माकडा'च्या आधारे साऱ्या जातीची यादी करण्याचा आग्रह हाच मूळ दोष होता, असे म्हणावयास हरकत नाही.

नव्या पद्धतीने जे दिसले ते अपेक्षेहून अधिक होते. प्राण्यागणिक व्ही खंडांची नवनवी रूपे सापडत गेली, आणि दोन माकडांत समान असलेल्या रूपांचे प्रमाण मानवाच्या मानाने कमी भरले. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका गटाने अनेक ऱ्हीसस माकडांचे जनुकप्रदेश नव्याने जुळवून हाच निष्कर्ष दुसऱ्या बाजूने पुष्ट केला. २०२० मध्ये सुधारित जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यासोबत ८५३ ऱ्हीसस माकडांचे अनुक्रम तपासण्यात आले. एकेका घटकाचे भेद ८ कोटी ५० लाखांहून अधिक निघाले. मानवजात संख्येने अफाट असली तरी जनुकदृष्ट्या एकसारखी आहे. ऱ्हीसस माकड त्या मानाने कितीतरी विविध आहे. २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या गटाने ऱ्हीसस व लांब शेपटीचे मकाक ह्या दोन्ही जातींच्या जड शृंखलांच्या रूपांचा संग्रह सर्वांस उपलब्ध करून दिला. मॉरिशस बेटावरील मकाकांचा समाज थोड्याशा पूर्वजांपासून वाढला असल्याने त्यांच्यात विविधता पुष्कळ कमी असते, हे प्रतिरक्षेच्या दुसऱ्या एका जनुकसमूहावरून आधीच ठाऊक होते. त्यात केवळ सात मुख्य रचना आढळतात. प्रयोगास एकसारखे प्राणी हवे असतील तर मॉरिशसचे घ्यावेत, मानवी समाजासारखी विविधता हवी असेल तर घेऊ नयेत, इतका हा भेद व्यवहार्य आहे.

नामकरणाचा घोळ मात्र संपला नाही. फ्रान्समधील मॉंपेल्ये येथे मारी-पोल लफ्रां ह्यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या संग्रहाने प्रतिपिंड-जनुकांना शिस्तबद्ध नावे दिली. परंतु माकडाच्या खंडांना नावे देताना मानवी नावांचा साचा पुढे असतो, आणि माकडाचा 'अमुक' क्रमांकाचा खंड हा त्याच क्रमांकाच्या मानवी खंडाचा सख्खा प्रतिरूप असेलच असे नाही. निरनिराळ्या संग्रहांत एकाच रूपाची निराळी नावेही आढळतात. प्रारंभी उल्लेखिलेल्या 'मकाको' व 'माकड' ह्यांच्या साम्यासारखाच हा फसवा मामला आहे.

ह्या फसवणुकीची किंमत एचआयव्ही लशीच्या संशोधनात स्पष्ट दिसून आली. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एका रुग्णात असे प्रतिपिंड शोधून काढले की, जे एचआयव्हीच्या बहुसंख्य प्रकारांना निष्प्रभ करते. त्या वर्गाची प्रतिपिंडे मानवी जड शृंखलेच्या 'व्ही एक-दोन' ह्या एकाच खंडापासून बनतात, कारण विषाणूच्या पृष्ठभागास पकडणारे काही नेमके घटक त्या खंडातच जन्मतः असतात. अशी प्रतिपिंडे शरीरात उगवावीत म्हणून खास रचलेली लस माकडांवर पारखावी, हे स्वाभाविकच सुचते. परंतु ऱ्हीससमध्ये त्या आवश्यक घटकांनी युक्त असा समतुल्य खंडच नाही. अशा लशीस माकडाने प्रतिसाद दिला नाही, तर दोष लशीचा नव्हे. तिने ज्याचा शोध घ्यावा ते बीजच तेथे नसते. म्हणून ह्या लशीची पूर्वपरीक्षा मानवी प्रतिपिंड-जनुके बसविलेल्या उंदरांवर करावी लागली.

त्याच लशीची पहिली मानवी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत अपेक्षित वर्गाच्या कोशिका आढळल्या. उरलेल्या एका व्यक्तीची जनुके तपासली असता, त्या व्यक्तीजवळ 'व्ही एक-दोन' खंड होता, परंतु त्याची जी रूपे तिला वारशाने मिळाली होती ती ह्या कामी निरुपयोगी होती. माकड व मानव ह्यांत जो भेद मानला जात होता, तो मानवामानवांतही निघाला. आणि मानवी समाजांत ही रूपे सर्वत्र सारख्या प्रमाणात पसरलेली नाहीत.

भारतात ऱ्हीससवरील प्रयोग पूर्णतः थांबलेले नाहीत. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिन ह्या लशीची परीक्षा २० ऱ्हीसस माकडांवर, प्रत्येकी पाचांचे चार गट करून घेण्यात आली, आणि तिचा वृत्तान्त पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगाचा प्रश्न निराळा होता : लस दिलेल्या प्राण्याचे संसर्गापासून रक्षण होते की नाही. त्यास उत्तर देण्यास एवढे प्राणी पुरेसे ठरू शकतात, कारण तेथे प्रतिपिंड कोणत्या खंडापासून बनले हा मुद्दाच नसतो. मात्र जेथे एका विशिष्ट खंडावर भिस्त ठेवून लस रचली जाते, तेथे पाचांच्या गटात तो खंड दोघांजवळ आहे की चौघांजवळ, एवढ्यानेही निष्कर्ष उलटा होऊ शकतो. म्हणूनच अशा प्रयोगांसाठी माकडे निवडण्यापूर्वी त्यांच्या रक्तातून व्ही खंडांची रूपे वाचून घेण्याचा प्रघात काही प्रयोगशाळांत पडू लागला आहे. प्राण्याच्या नोंदपत्रात वय, लिंग व वजन ह्यांच्या जोडीस पूर्वी 'भारतीय वंशाचे' एवढाच शेरा असे. आता तेथे त्या एका प्राण्याच्या जनुकरूपांची यादी येऊ लागली आहे.